दोन पासष्ट पाठ आहेत, तिसरा आकडा कुठंय?



आपल्या परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही पारावर जाऊन बसा आणि नुसतं "पासष्ट" म्हणा. लगेच कुणीतरी विचारील, "कोणतं पासष्ट? धरणाचं का पावसाचं?"

धरणाचं पासष्ट म्हणजे जायकवाडी. मेंढेगिरी समितीनं २०१३ च्या अहवालात रेषा आखली, की १५ ऑक्टोबरला नाथसागरात ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असलं तर वरच्या धरणांतून खाली सोडायचं. त्यावर भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. डाव्या कालव्यावरच्या माणसाला हा आकडा झोपेतनं उठवून विचारा, सांगतो.

पावसाचं पासष्ट म्हणजे ६५ मिलिमीटर. महसूल मंडळात चोवीस तासांत त्याच्यावर पाऊस पडला की अतिवृष्टी. मग पंचनामा, मग अनुदान. शाळेचं तोंड न पाहिलेली म्हातारी माणसंसुद्धा आता "आपल्या मंडळात किती मिलिमीटर झाला रं?" म्हणून विचारतात. पूर्वी "औतभर ओल" आणि "नांगरटीजोगा पाऊस" अशी भाषा होती. आता मिलिमीटर आलं.

मला आज भांडायचंय ते तिसऱ्या आकड्यासाठी. आपल्या गावाच्या पोटात, म्हणजे जमिनीखाली, आज किती पाणी आहे? मागच्या वर्षी याच दिवशी किती होतं? हा आकडा पारावर कुणाला येत नाही. सरपंचाला येत नाही, सोसायटीच्या चेअरमनला येत नाही, कृषी सहायकालाही बहुतेक येत नाही. आणि गंमत बघा, जिल्ह्यातली केवढी तरी शेती या न दिसणाऱ्या पाण्यावर उभी आहे. कालव्याच्या शेपटाला पाणी येईल तेव्हा येईल, उन्हाळ्यात प्यायला तरी विहीर आणि बोअरच.

मोजायची साधनं नाहीत, असं म्हणाल तर ते दिवस गेले. पाण्याची मोजदाद आज जेवढी होतीय तेवढी आपल्या बापजाद्यांच्या काळात कधी झाली नव्हती.

बघा ना. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळातली. राज्यभर तिच्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातनं चार वेळा पातळी मोजतात. आता बोअरमध्ये सोडून ठेवायचं यंत्र आलंय. वायरला बांधलेला एक सेन्सर पाण्यात लोंबत राहतो, वरच्या पाण्याचा दाब मोजतो, त्यावरून पातळी काढतो, आणि सिमकार्डावरून दिवसातनं अनेकदा आकडा पाठवतो. माणसानं जायची गरज नाही.

वर आकाशात बघा. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी आपल्या शेतावरनं जातात. त्यांच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे जवळपास एक गुंठा. ही चित्रं फुकट मिळतात. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून आपल्या इस्रोनं नासाबरोबर बनवलेला निसार सोडला. तो रडारचा आहे. ढग असोत का रात्र असो, त्याला दिसतं, आणि दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो. जमिनीतली ओल आणि पुराचं पाणी त्यातनं मोजता येतं.

त्याच्या पुढचं म्हणजे ग्रेस. २००२ साली दोन जुळे उपग्रह सोडले, एकामागं एक, मधे सुमारे २२० किलोमीटर अंतर. खाली जिथं पाण्याचं वजन जास्त, तिथं ओढ जास्त. त्यामुळं दोघांमधलं अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी बदलतं आणि त्यावरून जमिनीतल्या पाण्याचं वजन करतात. पंजाब, हरियाणा आणि राजस्थान या भागात २००२ ते २००८ मध्ये १०९ घनकिलोमीटर भूजल गेलं, हे त्यांनीच दाखवलं. एवढं पाणी म्हणजे नाथसागराचा जिवंत साठा (२,१७१ दशलक्ष घनमीटर) पन्नास वेळा रिकामा केला म्हणा.

इथं काही मंडळी म्हणतील, "अहो, उपग्रहाला आमच्या विहिरीतलं काय कळतंय?" खरं आहे. ग्रेसला परभणी कळत नाही. तीन-चारशे किलोमीटरच्या पट्ट्याचं वजन तो करतो, त्यात निम्मा मराठवाडा आणि थोडा विदर्भ एकत्र येतो. सेंटिनेलला पीक दिसतं, तळं दिसतं, खडकातलं पाणी दिसत नाही. म्हणूनच तर विहिरीतला आकडा लागतो. आकाशातला डोळा आणि विहिरीतला टेप एकमेकांशिवाय आंधळे आहेत. उपग्रह सांगतो की गावात ऊस किती एकर उभा आहे. विहीर सांगते की त्या उसाला पुरंल एवढं खाली आहे का. दोन्ही एका कागदावर आले तर शेतकऱ्याला कामाची गोष्ट कळते. दोन वेगळ्या कचेऱ्यांत राहिले तर त्यांचे फक्त अहवाल होतात.

आता हिशोब करून बघू, म्हणजे तिसरा आकडा का पाहिजे ते कळंल. आपल्याखाली दख्खनचा काळा पाषाण. तो काही स्पंज नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या दगडाच्या पोकळ्यांत आणि भेगांत. अशा झिजलेल्या किंवा मांजऱ्या खडकात सोडण्याजोगं पाणी घनफळाच्या १ ते ३ टक्के धरतात. मधला २ टक्के घेऊ. निव्वळ घट्ट पाषाण असला तर अर्धा टक्कासुद्धा नाही.

समजा गावाचं शिवार अडीच हजार एकर आहे. पूर्ण शिवारात पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली, तर किती पाणी गेलं? एकराला साधारण ८० हजार लिटर. अडीच हजार एकरांचं झालं २० कोटी लिटर.

या २० कोटी लिटरमध्ये काय होतं? हरभऱ्याला ६० मिलिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर सुमारे ४०० एकर हरभरा निघतो. मोकळ्या पाण्यावरचा ऊस घेतला, तर एकराला वर्षाला ८० लाख लिटरच्या आसपास जातं. म्हणजे त्याच एक मीटरमध्ये फक्त २५ एकर ऊस. ठिबक केलं तर चाळीसएक एकर. आणि अडीच हजार वस्तीच्या गावाला जलजीवन मिशनच्या हिशोबानं माणशी रोज ५५ लिटर पाणी दिलं, तर वर्षाला ५ कोटी लिटर. म्हणजे तेवढंच पाणी गावाला चार वर्षं प्यायला पुरतं.

एक मीटर. चारशे एकर हरभरा, नाहीतर पंचवीस एकर ऊस, नाहीतर चार वर्षांचं पिण्याचं पाणी. हा हिशोब ढोबळ आहे. खडक बदलला की आकडा निम्मा होईल नाहीतर दीडपट होईल, आणि शेताला दिलेल्यातलं थोडं पाणी परत मुरतं. पण दिशा चुकत नाही. आता सांगा, हे गणित रब्बीची पेरणी करायच्या आधी गावासमोर यायला पाहिजे का नाही?

आता वेळापत्रक बघा. ज्वारी सप्टेंबरच्या मधापासून पेरायला लागतात, हरभरा ऑक्टोबरात. भूजलवाल्यांची पावसाळ्यानंतरची मोजणी ऑक्टोबरात. मग ती मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघतात, कोणत्या तालुक्यात पातळी किती खाली आहे ते काढतात, आणि पुढं कुठं टंचाई येईल त्याचा अंदाज जातो. काम शास्त्राला धरून आहे, त्यात मला खोट काढायची नाही. पण तो कागद हातोहात फिरेपर्यंत हरभरा वीतभर झालेला असतो आणि उसाची लागण उरकलेली असते. टँकर किती लागतील याचा हिशोब त्यातून होतो, पीक कोणतं घ्यायचं याचा होत नाही. मोजणी रोग्याच्या औषधासाठी पाहिजे होती, ती तिरडीचं सामान आणण्यासाठी वापरली जातीय.

पूर्वी हे समजू शकत होतो. माणूस गावोगाव हिंडणार, टेप सोडणार, वहीत लिहिणार, ती वही जिल्ह्याला जाणार. पण आता यंत्र आकडा काही तासांत वर पाठवतं. जो आकडा विहिरीतनं दिल्लीला मिनिटात पोचतो, त्याला त्याच गावच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत यायला महिने का लागावेत? हा प्रश्न मी यंत्राला विचारत नाही, माणसांना विचारतोय.

"माहिती तर संकेतस्थळावर आहे की," असं साहेब लोक म्हणतात. आहे. इंडिया-डब्ल्यूआरआयएस म्हणून केंद्राचं संकेतस्थळ आहे, त्यावर भूजल, धरणं, नद्या, पाऊस सगळं आहे. उघडून बघा एकदा. इंग्रजीत आहे, नकाशावर थरावर थर आहेत, आणि आपलं गाव सापडेपर्यंत नेटवर्क जातं. शिवाय राज्यात गावं चाळीस हजारांच्या वर आणि निरीक्षण विहिरी ३,९००, म्हणजे दहाएक गावांमागं एक विहीर. शेजारच्या गावची विहीर मांजऱ्या दगडात आणि आपली घट्ट पाषाणात असली, तर त्या आकड्याचा आपल्याला काय उपयोग? संकेतस्थळावर टाकलं म्हणजे पोचलं, हे म्हणणं म्हणजे बाजारात सरकी आली म्हणजे म्हशीनं खाल्ली म्हणण्यासारखं आहे.

आणि गावागावातला आकडा नाहीच, असंही नाही. केंद्राच्या ग्रामविकास खात्यानं सप्टेंबर २०२२ मध्ये जलदूत नावाचं ॲप काढलं. प्रत्येक गावातल्या दोन-तीन विहिरी निवडायच्या, आणि वर्षातनं दोनदा, पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात, पातळी मोजून फोटोसकट भरायची, अशी ती योजना. काम ग्रामरोजगार सेवकासारख्या गावातल्याच माणसानं करायचं. म्हणजे मोजणारा गावचा, विहीर गावची, पाणी गावचं. फक्त आकडा ज्या भाषेत आणि ज्या जागी गावाला दिसंल तिथं लिहायचा राहिला. खडूनं लिहायचं काम आहे हो, त्याला काय निविदा काढायची?

हे होऊ शकतं का? झालेलं आहे. केंद्रानं २५ डिसेंबर २०१९ ला अटल भूजल योजना सुरू केली, सात राज्यं आणि ६,००० कोटी रुपये, त्यातले निम्मे जागतिक बँकेचे. त्या योजनेत राज्याला पैसे मिळायचे ते कामाच्या निकालावर, आणि त्यातली पहिलीच अट होती की भूजलाची माहिती लोकांसमोर मांडायची. बघा, पैसा अडला की माहिती भिंतीवर येते. महाराष्ट्रातले तेरा जिल्हे त्यात होते. आपल्या मराठवाड्यातले जालना, लातूर, धाराशिव होते. परभणी नव्हता. का नव्हता याची कारणं असतील, पण परिणाम असा की आपल्याकडं ती अट कुणावरच नाही.

जुन्या आंध्रातलं उदाहरण तर याच्याही आधीचं. साधारण वीस वर्षांपूर्वी तिथल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत सहाशेच्या वर वाड्या-गावांतल्या शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस मोजला, स्वतः विहिरी-बोअरची पातळी मोजली, रब्बीच्या आधी गाव बसवून पाण्याचा ताळेबंद मांडला. कुणावर सक्ती नव्हती. पाणी किती आणि कोणतं पीक किती पिणार एवढं फळ्यावर मांडायचं, पुढं ज्यानं त्यानं ठरवायचं. ज्या शेतकऱ्याला कळलं की हिशोब उणे आहे, तो भात कमी करून कमी पाण्याचं पीक घ्यायला लागला. आपलं हिवरेबाजार सगळ्यांना माहीत आहे. पोपटराव पवारांच्या गावात पाऊस बघून, विहिरी बघून ताळेबंद मांडतात आणि मगच पीक ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. तिथं जाऊन फोटो काढून येणारी गावं शेकडो आहेत. तिथला फळा आपल्या गावात आणणारी किती?

पोकरा आपल्या जिल्ह्यात आहेच. त्यात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत आयआयटी मुंबईच्या मदतीनं तयार झाली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, जमिनीत किती मुरला, पिकानं किती पिला, असा जमीन-उताराप्रमाणं हिशोब लागतो. रीत चांगली आहे. पण ताळेबंद आराखड्यापुरता एकदा मांडून भागत नसतं. किराणा दुकानदार वर्षाला एकदा गल्ला मोजत नाही, दर रात्री मोजतो. निदान रब्बीच्या तोंडाला तरी दरवर्षी नवा हिशोब पाहिजे.

आता आपल्या बाजूच्या माणसांशी बोलतो, कारण दोष सगळा सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

"आकडा दिला की उद्या मोटारीला मीटर बसवतील, पाणीपट्टी लावतील." ही भीती मी गावोगाव ऐकतो आणि ती पोकळ नाही. पण कायदा आधीच आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा, २०१४ पासून लागू. त्यात विहिरींची नोंदणी आहे, आणि ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर-बोअर शेतीसाठी घ्यायला बंदी आहे. आणि शिवारात काय चाललंय? पाचशे, सहाशे फूट. म्हणजे मोजल्यामुळं कायदा येत नाही, तो आलेलाच आहे. न मोजल्यामुळं फक्त एवढंच होतं, की उद्या तो कुणावर लावायचा आणि कुणावर नाही हे ठरवताना आपल्या हातात पुरावा नसतो. ज्याच्या वहीत पाच वर्षांची पातळी आहे तो उभं राहून म्हणू शकतो, "साहेब, आमच्या पाणलोटात पाणी टिकून आहे, हे बघा." ज्याच्याकडं वही नाही त्याला फक्त हात जोडता येतात.

दुसरं, आपला विश्वास. उपग्रहाला नावं ठेवणारी माणसं पाणाड्याच्या तळहातावरच्या नारळावर लाखभर रुपये लावतात. नारळ उभा राहिला की बोअरची गाडी बोलवायची. पहिला कोरडा गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. खाली घट्ट पाषाण लागला तर कितीही खाली जा, पाणी भेगंच्या नशिबावर. जमिनीत वीज सोडून खालचा दगड ओला का कोरडा याचा अंदाज देणारं यंत्र भूजल खात्याकडं आहे, तेही शंभर टक्के नाही. पण ते जिथं चुकतं तिथं का चुकलं हे तपासता येतं. नारळाला जाब विचारता येत नाही.

आणि हे पाणी एकट्या शेताचं नाही. पूर्णा, दुधना, गोदावरी या नद्या पावसाळ्यानंतर ज्या पाण्यावर वाहतात ते बरंचसं जमिनीतनंच झिरपून येतं. काठावरच्या विहिरींची पातळी नदीच्या तळाखाली गेली की झरा उलटा फिरतो, नदीच विहिरीला पाणी द्यायला लागते. मग जानेवारीत वाहणारी धार डिसेंबरात तुटते, डोह आटतात. डोह आटला की मरळ गेला, वाम गेली, हिवाळ्यात उतरणारी पाखरं गेली, गुरांचं पाणी गेलं, भोयांचा धंदा गेला. आपण नदीला क्युसेकमध्ये मोजतो, तेही पूर आल्यावर. बाकीचे दहा महिने ती जिवंत आहे का, हे कोण मोजतं?

इथंही नवी साधनं आहेत. लँडसॅटची १९८४ पासूनची चित्रं उपलब्ध आहेत. कोणता मोठा डोह कोणत्या वर्षी कोणत्या महिन्यापर्यंत टिकला, हे त्यावरून आणि आता सेंटिनेलवरून लावता येतं. जलपर्णी कुठून कुठपर्यंत पसरली तेही दिसतं. आणि पाण्यात कोण राहतं हे बघायला आता जाळं टाकायलाच पाहिजे असं नाही. प्रत्येक जीव पाण्यात आपले अंश सोडतो, खवले, विष्ठा, चिकटा. बाटलीभर पाणी गाळून त्यातला डीएनए वाचला की कोणकोणते जीव तिथं आहेत ते कळतं. हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी ओडिशातल्या चिल्का सरोवराच्या पाण्यावर हे काम केलंय. हैदराबाद आपल्याला काय लांब आहे? पूर्णा जंक्शनहून रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथं. गोदावरीवर ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, डिग्रस असे बंधारे झाले. बंधाऱ्याच्या वर कोणते मासे उरले आणि खाली कोणते, हे कुणीतरी पाण्याची बाटली भरून तपासायला पाहिजे. बंधारा बांधताना टीएमसी मोजलं, जीव मोजले नाहीत.

आता विद्यापीठातल्या सरांना थेट सांगणं आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आपल्या परभणीत आहे, १९७२ पासून. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुमचा हवामान सल्ला येतो, आम्ही तो वाचतो, पुढं पाठवतो. पाऊस, तापमान, फवारणी कधी करायची, सगळं असतं. सर, त्यात एक ओळ वाढवा. "या आठवड्यात अमुक तालुक्यात विहिरींची सरासरी पातळी इतके मीटर, मागच्या वर्षी याच आठवड्यात इतके मीटर." बस्स. वरून पडणाऱ्या पाण्याची बातमी देता, तर खाली असलेल्या पाण्याचीही द्या. रब्बीत वरचं पाणी संपलेलं असतं, सगळा खेळ खालच्यावर असतो.

हे आकडे भूजल खात्याचे आहेत, आमचे नाहीत, असं म्हणू नका. पाण्याला खातं नसतं. ते ढगात हवामान खात्याचं, ओढ्यात जलसंधारणाचं, धरणात जलसंपदेचं, खडकात भूजलाचं, नळात पाणीपुरवठ्याचं आणि पिकात कृषीचं. शेतकऱ्याच्या दारात आल्यावर मात्र ते एकच असतं.

म्हणून मागणी लांबलचक करत नाही. चारच गोष्टी.

१) प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फळा. त्यावर गावातल्या तीन ठरलेल्या विहिरींची पातळी, यंदाची आणि मागच्या वर्षीची, मीटरमध्ये आणि मराठीत. जलदूतमध्ये भरलेला आकडा आधी फळ्यावर, मग मोबाइलवर.

२) रब्बीसाठीची मोजणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. २ ऑक्टोबरची ग्रामसभा असतेच. त्या दिवशी पाण्याचा ताळेबंद हा पहिला विषय, बाकीचे नंतर.

३) जिथं आपोआप पातळी पाठवणारी यंत्रं बसवली आहेत, तिथला आकडा त्या गावाला त्याच दिवशी मिळाला पाहिजे. यंत्राच्या खांबावर नुसतं "शासकीय मालमत्ता" लिहून भागणार नाही.

४) विद्यापीठाच्या सल्ल्यात पातळीची ओळ.

आणि सरकार करील तेव्हा करील. आपल्याला आज काय लागतं? पन्नास मीटरचा टेप आणि टोकाला एक वजन. विहिरीच्या काठाच्या एकाच दगडावर रंगाची खूण करा आणि दर वेळी तिथूनच मोजा. रात्रभर मोटार बंद ठेवा आणि सकाळी मोजा, नाहीतर ओढलेलं पाणी मोजाल. दर अमावस्येला मोजा, तसंही त्या दिवशी आपल्याकडं औत धरत नाहीत. तारीख, पातळी, आधीच्या महिन्यातला पाऊस, एवढं तीन रकान्यांत लिहा. मी असंच लिहितो. त्याला ना ॲप लागतं ना अनुदान. गावातल्या दहा जणांनी दोन वर्षं लिहिलं, तर भूजलवाल्या साहेबाला तुमच्याकडं माहिती मागायला यावं लागंल, आणि उपग्रहाचा अभ्यास करणाऱ्याला त्याचा आकडा बरोबर आहे का हे तुमच्या वहीवरून तपासावं लागंल.

दोन्ही पासष्ट आपण पाठ केले, कारण त्यांना आपलं पाणी आणि आपला पैसा बांधलेला होता. आकडा निर्णयाला बांधला की गाव तो आपोआप पाठ करतं. तिसरा आकडा रब्बीच्या पेरणीला बांधा. मग बघा, पारावरचं पोरगंसुद्धा सांगंल की यंदा शिवारात साडेसहा मीटरवर पाणी आहे, ऊस लावू नका, हरभरा करा.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपापल्या गावात हा विषय मांडा. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.